बंगळुरूचा नाताळ : गल्लीगल्लीतला सण
(प्रस्तावना)

बंगळुरूच्या नाताळावर मराठीत पुस्तक कशासाठी, असा प्रश्न वाचकाला पडणं साहजिक आहे. शहर कन्नड मुलखातलं, सण ख्रिस्ती, त्यावर जे काही छापलं गेलं ते बहुतेक इंग्रजीत. मराठीने यात लक्ष का घालावं?

एक कारण सरळ आहे. या शहराशी मराठी माणसाचा संबंध आजकालचा नाही. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळुरू केंपेगौडाच्या घराण्याकडून जिंकून घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. जुन्या पेठेत भावसार रंगाऱ्यांची मराठी बोलणारी घरं आहेत, गांधीनगरात महाराष्ट्र मंडळ आहे, आणि संगणकाच्या नोकऱ्यांसाठी पुण्या-नागपूर-कोल्हापूरहून आलेली मंडळी आता व्हाइटफील्डपासून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत पसरली आहेत. या सगळ्यांना डिसेंबरात नाताळ दिसतो तो मॉलमधला: प्लास्टिकचं झाड, कापसाचं बर्फ, घंटी वाजवणारा पगारी सांताक्लॉज. गंमत अशी, की ज्या व्हाइटफील्डमध्ये हे मॉल उभे आहेत ते गावच मुळात अँग्लो-इंडियन वस्तीसाठी वसवलेलं. १८८२च्या सुमारास डी. एस. व्हाइट या गृहस्थांनी आपल्या समाजासाठी शेतीची वसाहत काढायचं ठरवलं आणि म्हैसूरच्या महाराजांनी त्यासाठी सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. आज तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबाला आपल्या पिनकोडमागचा हा व्हाइट ठाऊक नसतो.

दुसरं कारण ताजं आहे. २०२५च्या सप्टेंबरात मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी शिवाजीनगरच्या मेट्रो स्थानकाला सेंट मेरीचं नाव देण्याची शिफारस करू असं म्हटलं आणि महाराष्ट्रात त्याचे पडसाद उमटले. त्या वादात शिरण्याची ही जागा नव्हे. पण त्या चार दिवसांत, बंगळुरूत शिवाजीनगर नावाची वस्ती आहे आणि तिच्या मधोमध सेंट मेरी बॅसिलिका नावाचं मोठं चर्च आहे, हे पुष्कळ मराठी वाचकांनी पहिल्यांदाच ऐकलं. ब्लॅकपल्ली हे या वस्तीचं जुनं नाव. नाव बदललं, चर्च राहिलं, आणि दोन्हींच्या भोवती बाजार तसाच चालू राहिला. बंगळुरूचा नाताळ समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते.

या चर्चची सुरुवात १८१८ साली एका छोट्या प्रार्थनाघराने झाली. ते उभारणारा फ्रेंच धर्मगुरू म्हणजे आबे द्युब्वा. हा माणूस १७९२मध्ये भारतात आला, तीसेक वर्षं इथे राहिला, देशी वेश घातला, म्हैसूर संस्थानात देवीच्या लशीचा प्रसार केला आणि हिंदूंच्या चालीरीती, सणवार, आचार यांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. ईस्ट इंडिया कंपनीने ते हस्तलिखित १८०७मध्ये विकत घेतलं आणि १८१६मध्ये ते इंग्रजीत प्रसिद्ध झालं. ग्रंथात पूर्वग्रह भरपूर आहेत. ब्राह्मणांविषयीचा त्याचा सूर आज वाचवत नाही. तरीही परक्याच्या स्वयंपाकघरात, माजघरात आणि देवघरात काय चालतं ते बारकाईने नोंदवण्याची त्याची जिद्द मान्य करावीच लागते. आमचे सण त्याने नोंदवले. त्याने लावलेल्या रोपट्याभोवती जो सण वाढला, तो मात्र आम्ही दोनशे वर्षांत कधी नोंदवला नाही. हे पुस्तक त्या उधारीची थोडीशी फेड आहे.

सण म्हणून नाताळाचं वय किती, याबद्दल सर्वसाधारण समज असा की दोन हजार वर्षं. ते खरं नाही. २५ डिसेंबरला ख्रिस्तजन्म साजरा होत असल्याची सर्वांत जुनी नोंद रोममधल्या ३५४ सालच्या एका पंचांगवजा ग्रंथात सापडते, आणि तीतला मूळ तपशील ३३६ सालाकडे बोट दाखवतो. गव्हाणीचा देखावा मांडण्याची चाल असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी जिवंत जनावरांसह केलेल्या देखाव्यावरून पसरली. मध्यंतरी हा सण ख्रिस्ती लोकांनीच बंद पाडण्याचाही उद्योग केला. इंग्लंडच्या प्युरिटनांच्या पार्लमेंटने १६४७मध्ये तो रद्दबातल ठरवला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९पासून १६८१पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली सुरू झाली.

बंगळुरूच्या कब्बन रोडवर सेंट अँड्र्यूज हे १८६०च्या दशकात बांधलेलं स्कॉटिश चर्च आहे. ज्यांनी ते बांधलं त्यांच्या मायदेशी त्या काळात २५ डिसेंबर हा चारचौघांसारखा कामाचा दिवस होता. त्या चर्चपासून चालत जाण्याच्या अंतरावर अँग्लिकन सेंट मार्क्स कॅथीड्रल आहे, १८१२च्या सुमाराचं. तिथला नाताळ वेगळा. शिवाजीनगरात द्युब्वाच्या प्रार्थनाघरातला कॅथलिक नाताळ आणखी वेगळा. म्हणजे ‘साहेबाचा सण’ असा एकच एक सण इंग्रजांच्या छावणीत कधी उतरलाच नाही. तो वेगवेगळ्या तऱ्हांचा होता.

एक साल मनात ठेवलं की बाकीच्या गोष्टी नीट लागतात. इंग्रजांनी श्रीरंगपट्टणची फौज हलवून बंगळुरूला छावणी वसवली ती १८०९मध्ये. आता नाताळची ओळख म्हणून आपण ज्या खुणा सांगतो त्यांच्या तारखा पाहा. इंग्लंडात घरोघर झाड सजवण्याची चाल पसरली ती राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांच्या झाडाचं चित्र १८४८मध्ये छापून आल्यावर. नाताळचं पहिलं छापील शुभेच्छापत्र १८४३चं. डिकन्सची प्रसिद्ध नाताळकथाही त्याच सालची. लाल कोटातला गुबगुबीत सांता अमेरिकेतल्या चित्रकारांनी १८६०नंतर हळूहळू घडवला आणि १९३१पासून कोका-कोलाच्या जाहिरातींनी पक्का केला. ‘सायलेंट नाइट’ हे गाणं ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडॉर्फला प्रथम गायलं गेलं ते १८१८च्या नाताळात, द्युब्वाच्या प्रार्थनाघराच्याच वर्षी. थोडक्यात, बंगळुरूची छावणी या बहुतेक ‘प्राचीन’ परंपरांपेक्षा वयाने मोठी आहे. त्या इथे वारसा म्हणून आल्या नाहीत. लंडनमध्ये जशा नव्याने निघाल्या तशा फॅशन म्हणून बोटीने आल्या. खरोखर जुनं काय आहे ते पाहायचं तर झाडाकडे आणि सांताकडे पाठ फिरवून स्वयंपाकघरात शिरावं लागतं.

या संग्रहातला सर्वांत मोठा भाग म्हणूनच खाण्याचा आहे, आणि तो तसा असायलाच हवा.

छावणीच्या भोवतालच्या रिचमंड टाउन, कुक टाउन, कॉक्स टाउन आणि १८९८च्या प्लेगनंतर मोकळ्या हवेसाठी वसवलेल्या फ्रेझर टाउन या वस्त्यांतल्या अँग्लो-इंडियन घरांत नाताळ सुरू व्हायचा तो डिसेंबरच्या कितीतरी आधी. बेदाणे, काळ्या मनुका, संत्र्याची साल, चेरी बारीक चिरून रममध्ये मुरत घालायच्या. विलायती सुकामेवा महाग, म्हणून त्यात कोहळ्याचा पेठा आणि पपईची टुटीफ्रुटी आली आणि कायमची राहिली. रंगासाठी साखर जाळून काळी करायची. ती किती जाळायची यावर घराण्याघराण्यांत मतभेद. एक क्षण कमी झाला तर केक फिका, एक क्षण जास्त झाला तर कडू. घरात भट्टी कुणाकडेच नव्हती. त्यामुळे मिश्रण पातेल्यात घालून गल्लीतल्या बेकरीत न्यायचं, तिथे डब्यात ओतायचं, डब्यावर नावाची चिठ्ठी लावायची. बेकरीवाला पाव काढून झाल्यावर लाकडाच्या भट्टीची उतरती धग केकला द्यायचा. आपला डबा दुसऱ्याच्या डब्याशी बदलू नये म्हणून घरातलं एक कुणीतरी तिथेच बसून राहायचं. गल्लीतल्या बातम्यांची देवाणघेवाण होण्याची ती वर्षातली हक्काची जागा.

कुलकुलांचं काम याहून संथ. मैद्याच्या घट्ट पिठात नारळाचं दूध किंवा अंडं, थोडी साखर. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर, नाहीतर कोऱ्या कंगव्यावर दाबायची आणि अंगठ्याने पुढे लोटत गुंडाळायची. उमटलेल्या रेघांसकट तिचा शिंपला होतो. तळून वर साखरेचा पाक. एका घाण्याला शंभरेक शिंपले लागतात, म्हणून हे काम कुणी एकट्याने करत नाही. शेजारणी, सुना, सुट्टीला आलेली मुलं सगळी टेबलाभोवती बसतात. गुलाबाच्या आकाराच्या साच्याची पिठाची फुलं मात्र एकहाती आणि अनुभवाची. लोखंडी साचा तेलात तापवायचा, पिठात बुडवायचा, पण काठापर्यंत बुडवायचा नाही. पीठ साच्याच्या वर चढलं की फूल सुटत नाही. नवा साचा पहिल्या घाण्यांना हटकून चिकटतो. म्हणून जुने, काळेभोर झालेले साचे आईकडून लेकीकडे जातात आणि त्यांच्यावरून रुसवेफुगवेही होतात.

घरगुती वाइनसाठी लागतात ती इथलीच द्राक्षं. बंगलोर ब्लू ही गडद जांभळी, जाड सालीची, बियांची, आंबटगोड जात बंगळुरू ग्रामीण, चिक्कबळ्ळापूर, कोलार भागांत पिकते आणि २०१३मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. नाशिकच्या बिनबियांच्या द्राक्षांवर वाढलेल्या जिभेला ती खायला रुचत नाही. बरणीत साखर, गहू आणि यीस्ट घालून मुरवली की मात्र तिचा कस कळतो. दिवसाचं मुख्य जेवण म्हणजे नारळाच्या दुधातला पिवळा भात, खिम्याच्या गोळ्यांची आमटी आणि कांद्याची झणझणीत लाल चटणी. या ताटात विलायती म्हणावं असं काय उरलं, ते वाचकानेच ठरवावं.

केकची गोष्ट छावणीपुरती राहिली नाही. चिकपेटेत १८९८मध्ये सुरू झालेल्या बी. बी. बेकरीपासून अय्यंगार बेकऱ्यांची परंपरा सांगितली जाते. सोवळ्या ग्राहकासाठी बिनअंड्याचा केक करण्याची कला त्यांनी कमावली आणि आज डिसेंबरात बिनअंड्याचा प्लम केक शहराच्या कानाकोपऱ्यातल्या अय्यंगार बेकरीत मिळतो. फ्रेझर टाउनच्या मॉस्क रोडवर १९०२पासून अल्बर्ट बेकरी आहे. ती मुस्लिम कुटुंबाची, आणि गुड फ्रायडेच्या क्रूसाच्या खुणेच्या पावासाठी ख्रिस्ती गिऱ्हाईक तिथे रांग लावतं. सेंट मार्क्स रोडवरच्या कोशीज्‌ची सुरुवात १९४०मध्ये बेकरी म्हणूनच झाली, ती केरळी कुटुंबाने केलेली. भारतात नाताळचा केक पहिल्यांदा भाजला गेला तो १८८३मध्ये तलश्शेरीला माम्बळ्ळी बापूंच्या बेकरीत, असं केरळात अभिमानाने सांगतात. साखरेचे राजवाडे आणि मनोरे उभारणारं केकचं वार्षिक प्रदर्शन बंगळुरूत १९७०च्या दशकापासून भरतं, त्याला तिकीट काढून गर्दी होते आणि त्या गर्दीत ख्रिस्ती माणसं थोडीच असतात.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचा वाटेल तो प्रकार अजून सांगायचा आहे. मंगळुरूकडचे कोंकणी कॅथलिक बंगळुरूत मोठ्या संख्येने आहेत. त्यांचे पूर्वज गोव्यातून दक्षिणेला उतरलेले. १७८४मध्ये टिपूने त्यांना श्रीरंगपट्टणला कैद करून नेलं आणि १७९९पर्यंत ते तिथे अडकले. परत आल्यावर त्यांनी जे काही सावरलं त्यात नाताळचा ‘कुसवार’ही होता. कुसवार म्हणजे फराळाचा संच: नेवऱ्या, किडयो म्हणजे कुलकुलं, गुळियो, चकल्या, लाडू, केळ्याच्या चकत्या. क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं ताट शेजाऱ्यांकडे जातं, आणि रिकामं परत येत नाही. यातली नेवरी म्हणजे आपली करंजी. बंगळुरूतल्या कित्येक मराठी घरांनी दिवाळीत शेजारच्या डिसोझा-पिंटोंकडे ताट पाठवलं आहे आणि डिसेंबरात तेच ताट कुसवाराने भरून परत आलं आहे.

याच कोंकणी समाजाने मराठीचा एक मोठा ठेवाही सांभाळला. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात राहून मराठी ओवीत रचलेलं ‘क्रिस्तपुराण’ १६१६मध्ये रायतूरला छापलं गेलं. ख्रिस्तजन्माची कथा इतक्या विस्ताराने मराठीत त्याआधी कुणी सांगितली नव्हती. पुढे गोव्यात देशी भाषांवर बंधनं आली, छापील प्रती नाहीशा झाल्या. पण मंगळुरूच्या कॅथलिक घरांत हस्तलिखितं राहिली, ओव्या वाचल्या-गायल्या जात राहिल्या, आणि १९०७मध्ये त्यांच्याच आधारे जे. एल. सालढाणा यांनी मंगळुरूला हा ग्रंथ पुन्हा छापला. मराठीतला ख्रिस्तजन्म कर्नाटकातल्या कोंकणी माणसाने वाचवला, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती. इकडे कन्नडमध्येही तेच घडत होतं. ज्याच्या शब्दकोशाशिवाय कन्नडचा अभ्यास पुढे सरकत नाही त्या फर्डिनांड किट्टलने ‘कथामाले’ या काव्यात ख्रिस्ताची कथा कन्नड वृत्तांत बांधली. अहमदनगरला ख्रिस्ती कीर्तनं झाली, ना. वा. टिळकांची भजनं झाली. टाळ-मृदंगावरचा नाताळ महाराष्ट्राला नवा नाही. छावणीच्या झगमगाटात बंगळुरूची ही देशी बाजू दिसत नाही. ती पाहायला ॲव्हेन्यू रोडवरच्या राइस मेमोरियल चर्चमध्ये किंवा महापालिकेजवळच्या, १९०४मध्ये बांधलेल्या हडसन मेमोरियल चर्चमध्ये जावं. दोन्ही कन्नड मंडळ्यांची चर्चं आहेत.

देखाव्याची मांडणी हाही असाच देशी झालेला प्रकार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुष्कळ घरांत परातीत किंवा करवंट्यांत माती घालून नाचणी पेरतात. नवरात्रात घटाभोवती धान्य उगवावं तशी ती दहा-बारा दिवसांत हिरवीगार वर येते आणि गोठ्याभोवतीचं कुरण होते. बेथलेहेमच्या डोंगरासाठी जाड तपकिरी कागद चुरगाळून त्याला रंग फासतात. मेंढपाळांच्या शेजारी मातीचा फुगेवाला, बैलगाडी, विहिरीवरची बाई येऊन उभी राहते. बाळ येशूची गव्हाणी मात्र चोवीसच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवायची, हा नियम मुलंसुद्धा मोडत नाहीत. दारावर कागदी चांदणी लावतात. या चांदण्यांचा ढीग शिवाजीनगरला रसेल मार्केटच्या भोवती लागतो आणि त्या विकणारे बहुतेक दुकानदार मुस्लिम असतात.

झाडाचीही इथे वेगळी कथा आहे. जुन्या बंगल्यांच्या आवारात, लालबागेत आणि नर्सऱ्यांत ज्याला सगळे ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात तो उंच, सडपातळ, थरांथरांच्या फांद्यांचा वृक्ष म्हणजे कुक पाइन. नावात पाइन असलं तरी तो पाइनही नाही आणि युरोपातलाही नाही. त्याचं मूळ पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवर. हे झाड सरळ वाढत नाही, विषुववृत्ताच्या दिशेने झुकतं. जगभरच्या झाडांची मापं घेऊन २०१७मध्ये शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं. म्हणून बंगळुरूतला कुक पाइन दक्षिणेला कललेला दिसतो. जुन्या वस्तीतून फिरताना दिशा चुकली तर वाचकाने त्याच्याकडे पाहावं.

इथे थोडा कडू भागही सांगायला हवा, कारण आठवणींची पुस्तकं गोडाकडे झुकतात. छावणीतला नाताळ हा हुकमतीचाही सण होता. ‘डाली’ नावाची चाल होती: ठेकेदार, पुरवठादार, हाताखालचे नोकर यांनी साहेबाच्या बंगल्यावर फळं, फुलं, केक यांच्या टोपल्या पोहोचवायच्या. त्या देण्यात प्रेम किती आणि पुढच्या ठेक्याची काळजी किती, हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक असे. फौजेच्या मागोमाग मद्रास इलाख्यातून आलेल्या तमिळ ख्रिस्ती मजुरांनी, खानसाम्यांनी, आयांनी साहेबाचा नाताळ रांधला आणि आपला नाताळ दुसऱ्या दिवशी केला. धर्म बदलून जात सुटली असंही नाही. तमिळ प्रदेशातल्या चर्चमध्ये जातवार बसण्याच्या जागांवरून भांडणं झाली, आणि तो वारसा स्थलांतराबरोबर वाटेत गळून पडत नसतो. पुढे बंगळुरूच्या कॅथलिकांत प्रार्थना कन्नडमध्ये की तमिळमध्ये, यावरून कटू वाद झाले. १९४९मध्ये छावणी आणि शहर एका महापालिकेखाली आली, पण कब्बन पार्कच्या अलीकडचे आणि पलीकडचे हा भेद पुष्कळ वर्षं टिकला.

तरी भिंतीपलीकडे जाण्याची या शहराची स्वतःची रीत आहे, आणि ती देवळा-चर्चच्या दारात दिसते. सेंट मेरीच्या सप्टेंबरातल्या जत्रेत मूर्तीला साडी नेसवतात आणि नवस फेडायला येणाऱ्यांत हिंदू-मुसलमान बाया पुष्कळ असतात. विवेकनगरचं बाळ येशूचं देवस्थान १९७१चं. तिथे गुरुवारी मेणबत्त्या लावायला येणाऱ्यांना धर्म कुणी विचारत नाही. नाताळच्या आधीच्या पंधरवड्यात रात्री टेम्पोतून गाणारी पोरं घरोघर फिरतात: एक गिटार, एक ढोल, प्लास्टिकच्या मुखवट्यातला घामाघूम सांता. एका दारात इंग्रजी गाणं, पुढच्या दारात तमिळ, त्यापुढच्या दारात कन्नड. कुठल्या घरी कुठली भाषा म्हणायची हे म्होरक्याला तोंडपाठ असतं. अलीकडे त्यात मल्याळी मंडळी आहेत, ईशान्येकडून शिकायला आणि कामाला आलेल्या मिझो-नागा मुलामुलींच्या मंडळ्या आहेत, झारखंड-ओडिशातले आदिवासी ख्रिस्ती आहेत. त्यांचा नाताळ इथे नुकता रुजतो आहे.

हे सगळं पाहून माझं मत असं झालं आहे, की रिवाज टिकतो तो श्रद्धेपेक्षा शेजारावर. श्रद्धा माणूस सोबत घेऊन कॅनडा-ऑस्ट्रेलियाला जातो. बेकरीची भट्टी, साच्याची उसनवार, ताटाची देवघेव, कुठल्या दारात कुठलं गाणं ही माहिती त्याला सोबत नेता येत नाही. बंगळुरूतल्या अँग्लो-इंडियन समाजाचं नेमकं हेच झालं. स्वातंत्र्यानंतर लाटेमागून लाट परदेशी गेली. लोकसभा आणि विधानसभांत या समाजाचे प्रतिनिधी नेमण्याची घटनेतली तरतूद २०२०च्या जानेवारीत संपली. बंगल्यांच्या जागी इमारती आल्या, लाकडाच्या भट्ट्यांच्या जागी विजेच्या. चर्चमध्ये गर्दी वाढली, पण केकचे डबे घेऊन बेकरीत बसणारी माणसं संपत आली. सण मोठा होत चालला आणि रिवाज कमी, असं हे व्यस्त प्रमाण आहे. आपल्या गणेशोत्सवाकडे पाहणाऱ्याला ते समजावून सांगायला नको.

म्हणून या संग्रहाची खरी किंमत त्याच्या बारीक तपशिलात आहे. साखर किती जाळायची, साचा किती बुडवायचा, नाचणी कुठल्या दिवशी पेरायची, ताट परत करताना त्यात काय घालायचं, असल्या गोष्टी इतिहासाच्या ग्रंथात येत नाहीत आणि एक पिढी सरली की कुठूनही मिळत नाहीत. लेखकांनी त्या घरोघर जाऊन विचारल्या, विचारताना आपण पाहुणे आहोत हे विसरले नाहीत, आणि द्युब्वाप्रमाणे निवाडे देत सुटले नाहीत. काही लेख पाककृतींनी जड झाले आहेत, काहींत आठवणींचा पाक जरा घट्ट आहे. कन्नड खेड्यांतल्या ख्रिस्ती वस्त्यांवर एखादा स्वतंत्र लेख हवा होता. पुढच्या आवृत्तीत तो यावा, अशी सूचना मी संपादकांना केली आहे.

वाचकांना एकच विनंती. तुम्ही बंगळुरूत असा, वसईत असा, अहिल्यानगरच्या ख्रिस्ती वस्तीशेजारी असा की पुण्याच्या कॅम्पात, या डिसेंबरात शेजारच्या ख्रिस्ती घरी शुभेच्छा देऊन लगेच परतू नका. बसा, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा की तुमच्या लहानपणी नाताळ कसा व्हायचा, आणि जे सांगतील ते वहीत तारीख घालून लिहून ठेवा. अशा वह्या जमल्या, तर या पुस्तकाचा दुसरा भाग काढायला वेळ लागणार नाही.